शिध्यावरचं शिक्षण

आमच्या भागात पोरगं शिकायला बाहेरगावी निघालं की घरातली जुनी माणसं दोनच गोष्टी विचारायची. "पोट्टं राईन कुठी? अन् खाईन काय?" फी किती, पुस्तकं किती, मास्तर कसे, हे नंतर. फी एकदा भरली की वर्षभराची चिंता मिटते. पोट मात्र रोज दोनदा मागते. आणि ज्याच्या घरी पैसा फक्त दिवाळीच्या पुढंमागं, कापूस विकल्यावरच येतो, त्याला महिन्याच्या महिन्याला रोकड पाठवणं म्हणजे कोरड्या विहिरीतून मोट काढण्यासारखं असते.

मी दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी. शिक्षण दहावी. जे थोडंफार लिहितो ते वावरातलं काम आटोपल्यावर. या लेखात मला एक हिशोब मांडायचा आहे. वऱ्हाडातली गरीब पोरं गेली दीडशे वर्षं शहरात राहून शिकली कशी, त्यांनी पैसा पुरवला कसा, कुठं हात आखडला, आणि त्यांच्या काटकसरीचं ओझं खरं कोणाच्या डोक्यावर पडलं, याचा. या हिशोबातली काही पानं मोठ्या माणसांची आहेत आणि काही आमच्या घरची.

सुरुवात अकोल्यापासून करतो. गोपाळ गणेश आगरकर हे नाव सगळ्यांना माहीत आहे. १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावी जन्म. ते आणि टिळक, 'केसरी' आणि 'सुधारक', हे शाळेत सगळ्यांनी वाचलं असते. पण हा माणूस मॅट्रिक झाला तो आपल्या अकोल्याहून, हे पुष्कळ वऱ्हाडी माणसांनाही ठाऊक नसते. घरची परिस्थिती अशी की शिक्षण मध्येमध्ये तुटायचं. मिळेल ते काम करून, नातेवाइकांच्या आधारानं ते राहिले. त्या आधाराच्या शोधातच ते अकोल्याला आले. इथं त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले. पोरगं हुशार आहे पण पुढं जायला पैसा नाही, हे महाजनींनी ओळखलं आणि मदतीचा हात दिला. १८७५ साली मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले.

तिथली त्यांची गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा, सकाळी तोच घालून वर्गात जायचं. शिष्यवृत्ती आणि लिखाणाचे मिळतील ते पैसे यांवर निभवायचं. असं करत १८७८ साली बी. ए. आणि १८८० साली एम. ए. झाले. तेवढं शिकल्यावर सरकारी नोकरीत मोठा पगार मिळाला असता. पण त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी लोकांसाठी काम करणार आहे. ते पत्रही प्रसिद्ध आहे.

ही गोष्ट मी आमच्या मास्तरांच्या तोंडून ऐकली तेव्हा आम्हाला तिचा अर्थ असा सांगितला गेला की, बघा, जिद्द असली की एका सदऱ्यावरही शिकता येते. ते खरंच आहे. पण आज या वयात ती गोष्ट आठवली की मला त्यात आणखी काही माणसं दिसतात. ज्या नातेवाइकांच्या घरी ते अकोल्यात जेवले, ते घर. महाजनी मास्तर. ही माणसं नसती तर सदरा एक असला काय आणि चार असले काय, पुण्याची गाडी पकडता आली नसती. आगरकरांनी कष्ट केले यात शंका नाही. पण एकट्याच्या कष्टाला कुठंतरी दुसऱ्याच्या चुलीची जोड लागते.

त्या काळी गरीब विद्यार्थ्याला दुसऱ्याची चूल मिळायची रीत एकच होती. वार लावून जेवणं. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. किंवा माधुकरी मागणं. ही सोय ब्राह्मणाच्या मुलांपुरती होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या पोराला शहरात वार कोण लावणार? आणि महाराच्या पोराला तर पाण्याचा घोटही वरून ओतून मिळायचा. म्हणून बहुजनांची पोरं शहरात टिकायची तर त्यांना स्वतःची चूल पाहिजे होती. एकाएकाची परवडत नव्हती, म्हणून दहा-वीस जणांची मिळून एक. त्याच चुलीचं नाव बोर्डिंग. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली ती याचसाठी.

आमच्या वऱ्हाडात ही चूल पेटवली ती भाऊसाहेबांनी. डॉ. पंजाबराव देशमुख. जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ, जिल्हा अमरावती. वडील शामराव शेतकरी. गावात शाळा थोडी, म्हणून चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असं फिरत फिरत शिकले. त्या वेळी वऱ्हाडात कॉलेज नव्हतं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, ज्याला आज आपण विदर्भ महाविद्यालय म्हणतो, ते निघालं १९२३ साली. त्याच्या आधी कॉलेज शिकायचं तर नागपूर नाहीतर पुणं. भाऊसाहेब पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. हे तेच कॉलेज, जिथं आगरकर शेवटच्या वर्षांत प्राचार्य होते.

पुण्याहून १९२० साली ते विलायतेला गेले. शेतकऱ्याच्या पोराला विलायतेला पाठवायचं म्हणजे काय, हे ज्याच्या नावानं सातबारा आहे त्यालाच कळीन. वडिलांनी जमीन गहाण टाकली, कर्ज काढलं. पोरगं तिकडं एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकलं. बॅरिस्टर झालं, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परत आलं. पुढं मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा १९३३ साली झाला, त्यामागे भाऊसाहेबांची खटपट होती. मला नेहमी वाटते, शेतकऱ्याचं कर्ज काय असते हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नसेल. त्यांची स्वतःची पदवीच गहाणखतावर उभी होती.

विलायतेहून आल्यावर लवकरच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं. स्वामी श्रद्धानंदांची २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत हत्या झाली होती, त्यांचं नाव दिलं. या छात्रालयात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. हे ते दिवस आहेत, जेव्हा अमरावतीतल्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना पाऊल टाकू देत नव्हते आणि त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. देवळात जमत नव्हतं ते स्वयंपाकघरात झालं. पुढं १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली आणि गावोगावी शाळा झाल्या, पण माझ्या मते संस्थेचं बी त्या पंगतीत पेरलं गेलं.

बोर्डिंगचं अर्थकारण साधं असते, पण ते समजून घेतलं पाहिजे. चार पोरं चार ठिकाणी स्वयंपाक करतात तर चार चुली पेटतात, चार दिवे जळतात, चार जण अभ्यासाचे दोन-दोन तास घालवतात. पन्नास पोरांची एक चूल असली की जळतण कमी, धान्य सुगीच्या भावानं पोत्यानं घेता येते, एक स्वयंपाकी पुरतो. आणि महत्त्वाचं म्हणजे शेतकऱ्याकडून रोकड न मागता धान्य मागता येते. सुगीत शेतकऱ्याजवळ पैसा नसला तरी खळ्यावर ज्वारी असते. आमच्या गावचे बुढे सांगत, खळं मळून झालं की बोर्डिंगसाठी ज्वारी मागायला माणसं येत. कोणी सूपभर दे, कोणी पोतं दे. ज्याचं स्वतःचं पोरगं शिकत नव्हतं तोही द्यायचा. सातारकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच मोठ्या प्रमाणात केलं. पोरांकडून शेतात काम करून घेऊन 'कमवा आणि शिका' ही रीत पाडली. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगच्या पोरांना जेवू घालायला अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे मंगळसूत्र विसरू नये.

याच काळात आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे गाडगेबाबा हातात झाडू अन् डोक्यावर खापर घेऊन गावोगाव कीर्तनं करत होते. त्यांच्या सांगण्याचा मतलब अडाणी बाईलाही समजायचा. ताट नसलं तर हातावर भाकर घ्या, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पाहुण्याला पक्वान्न नका करू, तेरवी-जत्रेत उधळपट्टी नका करू, पण पोराला शाळेत घाला. ज्या बाबांना स्वतःला शाळा मिळाली नाही, त्यांच्या नावानं आज अमरावतीचं विद्यापीठ आहे. काटकसर म्हणजे काय, हे त्यांनी लोकांना जितकं नेमकं सांगितलं तितकं कोणी सांगितलं नाही. मिरवण्याचा खर्च कापायचा आणि शिकण्याचा वाचवायचा, एवढंच. यात पोटाला चिमटा घ्यायचं कुठं नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्याचं कारण पुढं येते.

आता माझं पान. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याच्या गावी जावं लागलं. राज्यात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आमची त्याच्या पुढच्या साली. तीन वर्षं मी भाड्याच्या खोलीत काढली. आम्ही चौघं. दोघं कुणब्याचे, एक माळ्याचा, एक बौद्धाचा. आधी तीन घरमालकांनी आमची आडनावं विचारली आणि चौथ्या पोराचं आडनाव ऐकून "खोली अगोदरच दिली बापा" म्हणून वाटे लावलं. चौथ्या ठिकाणी एक विधवा म्हातारी भेटली. ती म्हणाली, "आडनावाचं मले काय करा लागते? भाडं बारा रुपये, अन् अंगण तुमी झाडायचं." बारा रुपयांत चौघं, म्हणजे माणशी तीन.

मी हिशोबाची वही ठेवत असे. बापाची तशी अटच होती. महिन्याची रोकड नऊ ते दहा रुपये. तीन रुपये खोली. घासलेट, तेल, मीठ-मिरची, भाजी यांचे मिळून साडेतीन-चार. वह्या, शाई, साबण, कटिंग यांचे दोन. उरलेले जाण्यायेण्याला. ज्वारी आणि तुरीची दाळ घरून. शनिवारी अर्धी शाळा झाली की आमच्यातला एक जण गावाकडं निघायचा, येताना चौघांच्या घरचा शिधा घेऊन यायचा. पाळीपाळीनं. चौघं गेले तर चार तिकिटं, एक गेला तर एकच. अचलपूर-मूर्तिजापूरची ती छोट्या रुळांची शकुंतला गाडी तेव्हा कोळशाच्या इंजिनावर धावत होती. एसटीपेक्षा स्वस्त पडे. हळू चालायची, पण पोत्यासाठी ती एसटीपेक्षा सोईची. एसटीत पोतं टपावर टाका, मग कंडक्टरची बोलणी खा. शकुंतलेत पोत्यावरच बसता येई.

खोलीचे नियम आम्ही ठरवले होते. भाकरी संध्याकाळी एकदाच थापायच्या, सकाळी शिळी भाकर ठेच्यासोबत. दाळ एक दिवसाआड. कंदील एकच, तो मध्ये ठेवून चौघांनी चार बाजूंनी बसायचं. कंदिलाची काच रोज राखेनं पुसायची, कारण काजळी धरली की वात वर करावी लागते आणि घासलेट जास्त जळते. पुस्तकं पुढच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत घ्यायची, कव्हर घालून जपायची, म्हणजे वर्ष संपल्यावर पाव किमतीत जातात. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणानं शिवून नवी वही करायची. हॉटेलात पाय ठेवायचा नाही. सिनेमा सहामाही परीक्षा झाल्यावर एक. उसने दिले-घेतले तर त्याच दिवशी भिंतीवर खडूनं लिहायचं. त्या खडूच्या रेघांनी आमची दोस्ती टिकवली. पैशावरून चौघांचं एकदाही भांडण झालं नाही.

फीचं ओझं त्या मानानं हलकं होतं. ई.बी.सी. नावाची सवलत होती. १९५९ सालापासून, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना ती सुरू झाली.  जात कोणतीही असो, गरिबी पाहून फी माफ. तलाठ्याचा दाखला आणायचा आणि अर्ज भरायचा. माझ्या पिढीतले खेड्यातले हजारो लोक मास्तर, ग्रामसेवक, तलाठी झाले ते या तीन अक्षरांच्या जोरावर. अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती होती, ती इंग्रजांच्या काळात १९४४ साली सुरू झालेली. आमचा चौथा मित्र पुढं तिच्यावरच कॉलेज शिकला. फक्त तिचे पैसे वर्ष सरत आल्यावर हाती यायचे. तोवर खानावळवाला थांबला तर शिक्षण, नाही थांबला तर गाव. उधारीवर जेवू घालणाऱ्या त्या खानावळवाल्यांचा इतिहास कोणी लिहिला पाहिजे.

आता ते कारण सांगतो, जे मी मागं राखून ठेवलं. आमच्यातला माळ्याचा पोरगा फार हिशोबी. घरी बाप आजारी, म्हणून त्यानं ठरवलं की आपल्या वाट्याची ज्वारी वाचवायची आणि विकून पैसे घरी न्यायचे. आम्हाला सांगायचा, "मले भूक नाई," आणि रात्री पाणी पिऊन झोपायचा. सकाळी एक भाकर, बस. नववीच्या दिवाळीपासून असं चाललं. माघात तो वर्गात चक्कर येऊन पडला. ताप उतरेना. सरकारी दवाखान्यात आठ दिवस काढले, बाहेरून औषधं आणली, त्याच्या बापाला बैलगाडी करून यावं लागलं. चार महिन्यांत त्यानं जेवढं वाचवलं होतं त्याच्या तिप्पट आठ दिवसांत गेलं. आणि नववीचं वर्षही गेलं. तो परत खोलीवर आलाच नाही. त्यानंतर भिंतीवर खडूनं आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं, जेवण कापायचं नाही. म्हातारीनं विचारलं, "काय लिवलं रे हे?" वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे त मले शाळा नाई शिकता बी मालूम होतं."

काटकसर आणि उपासमार यांत एवढंच अंतर आहे, पण शिकणाऱ्या पोराला ते कळत नाही. त्याला वाटते आपण घरावर उपकार करून राहिलो. आगरकरांच्या एका सदऱ्याची गोष्ट सांगताना मास्तरांनी हेही सांगायला पाहिजे. सदरा एक चालते. भाकर एक चालत नाही.

माझ्या वहीत जमेच्या बाजूला बापाचं नाव आहे. 'बाबांकडून रु. १०.' दर महिन्याला. पण तो पैसा बाबांकडं यायचा कुठून? कापसाचा चुकारा वर्षातून एकदाच हातात पडे. सरकारची एकाधिकार खरेदी १९७२ पासून सुरू झाली होती, तिचे पैसेही एकदम आणि सगळे मिळायचे नाहीत. मधल्या महिन्यांत रोकड यायची ती मायच्या आणि बहिणीच्या निंदणाच्या मजुरीतून. दीड रुपया रोज. माझे दहा रुपये म्हणजे त्यातल्या एकीचे जवळजवळ सात दिवस, वाकून, चिखलात. बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवीत गावच्या शाळेत तिचा पहिला नंबर होता. आठवीला ती गेली नाही. तिला कोणी "जाऊ नको" म्हटलं नाही. पोरीला खोली करून ठेवणार कोण आणि कशी, हा प्रश्नच कोणी उच्चारला नाही. तालुक्याला मुलींचं बोर्डिंग नव्हतं. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी तिनं भरली, आणि वहीत मी 'बाबांकडून' असं लिहिलं, कारण पैसे हातात त्यांनी दिले होते.

मी दहावी पास झालो तेव्हा धाकटा भाऊ सातवीतून आठवीत जात होता. घरात एका वेळी एकाचीच रोकड निघू शकत होती. बाबांनी मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वखर धरला. त्यात मोठेपणा काही नाही, शेतकऱ्याच्या घरात असंच होते. धाकट्याला पुढं अमरावतीला वसतिगृहात जागा मिळाली. मग तो अकोल्याच्या कृषी विद्यापीठात गेला, जे १९६९ साली निघालं आणि ज्याला भाऊसाहेबांचं नाव आहे. वसतिगृहात राहिल्यामुळं त्याला आमच्यासारख्या भाकरी थापाव्या लागल्या नाहीत. तो वाचलेला वेळ अभ्यासाला गेला. अमरावतीला गेलं की गिला वडा खाल्ला काय, असं मी त्याला गमतीनं विचारत असे. तो म्हणे, "दादा, महिन्यातून एकदा. वहीत लिहिला आहे."

आज त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, अकोल्यात शिकते. तिचा हिशोब मी मागून घेतला. तीही लिहून ठेवते, फक्त मोबाइलवर. चौघी मिळून एक खोली, माणशी पंधराशे. मेसचे अठ्ठावीसशे. वीज-पाणी, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स, ऑटो, साबण-शाम्पू असं करत महिना सहा हजारांवर जाते. आमच्याकडं बाईची निंदणाची मजुरी तीनशे रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे तिचा महिना एका बाईच्या वीस दिवसांच्या मजुरीचा. माझा सात दिवसांचा होता. यात एक फरक लक्षात घ्या. माझं धान्य घरून जायचं, ते त्या सात दिवसांत धरलेलं नाही. पण म्हणूनच तर सांगतो. शेतकऱ्याच्या घरात धान्य आहे आणि पोरगी शहरात पैसे देऊन जेवते.

दुसऱ्या बाजूनं पाहा. २०२४-२५ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७१२१ रुपये क्विंटल होता. महिन्याला सहा हजार म्हणजे दहा महिन्यांचे साठ हजार, साडेआठ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल होते, म्हणजे दोन एकर. आणि त्यात बियाणं, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च धरलेला नाही. पाच एकरवाला शेतकरी एका लेकराला शहरात ठेवतो तेव्हा तो वर्षाला दोन एकर पोरीच्या मेसमध्ये पेरतो.

सरकारी मदत आज पूर्वीपेक्षा जास्त प्रकारची आहे. २०१६-१७ पासून अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिलाही पंजाबरावांचंच नाव आहे. सुरुवातीला मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार आणि इतर ठिकाणी २० हजार असा तो भत्ता होता. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. २०२४ साली आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. ती बातमी मी बहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "फी माफ केली, बरं झालं बाप्पा. पण पोट्टीले ठेवाचं कुठी, ते लिवलं काय त्याच्यात?" मी पेपर पुन्हा वाचला. नव्हतं लिहिलेलं.

म्हणून शेवटी, ज्यांची पोरं यंदा गाव सोडणार आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. पहिली, खोलीआधी वसतिगृहाचा अर्ज भरा. सरकारी असो, संस्थेचं असो. नाही मिळालं तरी निर्वाह भत्ता आणि स्वाधारचे फॉर्म वेळेत भरा. उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारकाचं प्रमाणपत्र उन्हाळ्यातच काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी सेतूवर रांग असते. दुसरी, चार-पाच घरं मिळून एक खोली करा आणि धान्य घरून पाठवा. पोळ्या करून देणारी बाई लावली तरी मेसपेक्षा स्वस्त पडते, आणि पोटात काय जाते हे कळते. तिसरी, पोराला वही ठेवायला लावा, पण ती वही त्याच्यावर डाफरायला वापरू नका. डाफरलं की पोरं खोटं लिहितात, नाहीतर जेवण कापतात. चौथी, त्या वहीच्या जमेच्या बाजूला खरं नाव लिहायला सांगा. पैसे कोणी हातात दिले ते नको, कोणाच्या मजुरीचे आहेत ते. पुतणीला मी हेच सांगितलं. तिनं या महिन्यात लिहिलं आहे, 'आईच्या वेचणीचे, दोन हजार.'